कंट्रोलच्या सहा बाटल्या

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला मॅडमचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाल्या, "तुमच्या मशीनने माझ्या पेशी मारल्या."

मशीन बिघडलं की ते माझं असतं आणि नीट चाललं की मॅडमचं. या संशोधन संस्थेत बावीस वर्षं मी यंत्रं दुरुस्त करतोय, त्यामुळे ही वाटणी मला तोंडपाठ आहे. हातात कायम पक्कड असते म्हणून सगळे मला पक्कडकाका किंवा पक्कडभाऊ म्हणतात. मॅडम तेवढ्या "अहो" म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावर गेलो तर प्रयोगशाळेत इनक्युबेटरसमोर तिघीजणी उभ्या होत्या. मॅडम, त्यांची विद्यार्थिनी आणि ताई. विद्यार्थिनीला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती एका दमात फार बोलते. त्या दिवशी मात्र तिचा आवाज बंद होता. ताई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. पेशींना खाऊपिऊ घालणं, त्यांच्यासाठी लागणारं सगळं निर्जंतुक करणं हे त्यांचं काम. पाच महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. तिघींचे चेहरे असे सुतकी, की मला क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी गेलं.

गेल्या होत्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी. कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून रडणारी माणसं जगात फक्त याच खोलीत सापडतील.

इनक्युबेटर म्हणजे फ्रिजएवढं कपाट, पण आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. त्यात हाताच्या पंजाएवढ्या चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या, आत गुलाबी पाणी आणि त्या पाण्यात पेशी. मॅडम तीन वर्षं एका औषधी अळंबीवर काम करत होत्या. लाकडासारखी कडक, पॉलिश केल्यासारखी चकाकणारी अळंबी. तिचा अर्क सहा बाटल्यांत घालायचा. दुसऱ्या सहा बाटल्यांत अर्क घालायचा नाही, फक्त अर्क ज्यात विरघळवतात ते मिश्रण घालायचं. अर्धं अल्कोहोल, अर्धं पाणी. त्याला सगळे 'कोरं मिश्रण' म्हणायचे आणि त्या सहा बाटल्यांना 'कंट्रोल'. दोन दिवसांनी बघायचं. अर्काच्या बाटल्यांतल्या पेशी मेलेल्या आणि कंट्रोलमधल्या जिवंत, म्हणजे मारणारा अर्कच. तीन वर्षं दर वेळी कमीजास्त हेच होत आलं होतं.

आज बाराच्या बारा बाटल्यांत सगळं मेलेलं होतं.

मी मशीन तपासलं. ऊब ठीक, वायू ठीक, दोन दिवसांच्या नोंदीचा कागद सरळ रेघेत. मग आत डोकावलो. त्याच फळीवर मागे एक मोठी बाटली होती.

"ही कसली?"

"मूळ बाटली," चिमणी म्हणाली. "हिच्यातूनच बाकीच्या बारांत पेशी वाटल्या. हिच्यात काहीच घातलेलं नाही."

"हिच्यातल्या मेल्या?"

"नाही. मजेत आहेत."

"मग मशीनला का शिव्या? मशीन माणूस ओळखून मारत नाही. बिघडलं असतं तर तेराही गेल्या असत्या."

मॅडमनी फ्रीझर उघडून अर्काच्या कुप्यांचा खोका माझ्यापुढे धरला. आठ खाचा, सात कुप्या. "शुक्रवारी दुपारी आठ होत्या. एक न उघडलेली कुपी गायब आहे. म्हणजे ती कुणीतरी कंट्रोलमध्ये ओतली. मुद्दाम." एवढं बोलून त्यांनी ताईंकडे पाहिलं. शनिवारी एकट्या ताईच कामावर होत्या.

ताई खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी खोक्यावरची नजर काढून घेतली. कारण ती कुपी कुठे आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे होती.

२

चोरीचं समर्थन करत नाही. फक्त कशी झाली ते सांगतो.

पाच आठवड्यांपूर्वी माझ्या बायकोला रक्ताचा कॅन्सर निघाला. येत्या गुरुवारी सकाळी तिला दवाखान्यात भरती करायचं, औषधं शिरेतून सुरू करायची, असं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता सुरू केलं तर बरं व्हायची चांगली शक्यता आहे, पण थांबायला वेळ नाही. आणि बायको म्हणत होती, मी जाणार नाही. तिच्या थोरल्या बहिणीला दहा वर्षांपूर्वी अशाच आजारात अशाच दवाखान्यात नेलं होतं. ती घरी आली नाही.

"तुमच्या मॅडमचं औषध आहे ना," बायको म्हणायची. "आधी ते घेऊन बघते. नाहीच लागू पडलं तर जाऊ."

यात दोष कुणाचा? माझा. रोज घरी येऊन मीच फुशारक्या मारायचो. आज सगळ्या मेल्या बघ, एकही उरली नाही बघ. जणू काही मीच मारल्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी प्रयोगशाळेत गेलो होतो ते ऑटोक्लेव्हसाठी. ऑटोक्लेव्ह म्हणजे पिंपाएवढा प्रेशर कुकर. वस्तू त्यात वाफेवर ठेवून निर्जंतुक करतात. त्याच्या झाकणाची रबरी रिंग फुगून चिरली होती. वर्षभरात ही तिसरी. मी ती काढून घेतली, ताईंना म्हणालो, "सोमवारी नवी बसवतो," आणि रिंग पिशवीत टाकली. ताई घरी गेल्या. फ्रीझर समोरच होता. मी उघडला, एक कुपी उचलली आणि पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवली. बावीस वर्षांत मी तिथून एक स्क्रूसुद्धा नेलेला नाही. पिशवी छातीशी धरून जिना उतरलो.

घरी बायकोने कुपी उघडून नाकाशी धरली. "अहो, याला इंजेक्शनआधी लावतात त्या बोळ्याचा वास येतोय."

"अर्क आहे. वास येणारच."

"किती थेंब घ्यायचे?"

तिथे माझं गाडं अडलं. किती थेंब हे मला कुठे माहीत? म्हणून कुपी डब्यामागे गेली. ठरलं असं, की मी सोमवारी गप्पांच्या ओघात चिमणीकडून प्रमाण काढून घ्यायचं.

आणि सोमवारी हे असं! मी सगळ्यांपेक्षा जास्त गोंधळलो होतो, कारण मला एक गोष्ट सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होती. गायब कुपी कंट्रोलमध्ये ओतलेली नाही. मग त्या सहा बाटल्या मेल्या कशाने? आणि पेशी अशा कशानेही मरत असतील, तर अर्काने मरतात हे तरी खरं कशावरून? बायकोला कुपीतलं द्यायचं की नाही?

मॅडम म्हणाल्या, "बुधवारी संध्याकाळी मी संचालकांकडे लेखी तक्रार देणार. ताईंच्या नावाने."

"बुधवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "मशीनचं काही सुटलंय का, ते बघतो."

सकाळी मीच मशीनला निर्दोष सोडलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दुपारी मी घरी फोन करून बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कंट्रोलच्या पण मेल्या? म्हणजे औषध फारच जोरदार दिसतंय!"

३

पहिल्यांदा गेलो छत्रीवाल्याकडे. इमारतीमागच्या शेडमध्ये तो अळंबी पिकवतो. आत ओल्या लाकडाचा वास, अंधूक उजेड आणि ओंडक्यांवर लालसर चकाकत्या अळंब्यांच्या रांगा. माणूस अळंबीशी बोलतो आणि माणसांवर खेकसतो. मॅडम पुढच्या वर्षी बाहेरून तयार पावडर मागवणार, हे त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणजे राग होता.

"शनिवारी वर गेला होतास?"

"मला वर कोण येऊ देतंय? माझ्या अंगावर बिया असतात म्हणे. एक बी उडून आत पडली तर पेशींचं वाटोळं. तीन वर्षांत जिन्याची चौथी पायरी बघितलेली नाही मी."

"मग अळंबीची बीच पडली असेल त्या बाटल्यांत."

"पडली असती तर पाणी गढूळ झालं असतं. बुरशीचे पुंजके दिसले असते. दिसले का?"

नव्हते दिसले. पाणी स्वच्छ होतं. चिमणीने सकाळीच सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. ना बुरशी, ना जंतू.

"आणि एक ऐक," तो मागून ओरडला. "माझी पोरं कुणाला मारत नाहीत, असं मी मॅडमना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. शेडमधल्या खारी कच्ची अळंबी कुरतडतात. एकही मेली नाही."

हे ऐकून माझ्या डोक्यात आणखी चिखल झाला. औषध आहे की नाही? खारी म्हणजे काही पुरावा नव्हे. पण वाक्य मनातून जाईना.

मग चिमणी. ती काचेच्या खिडकीमागे, हाताला मोजे घालून, मूळ बाटलीतल्या पेशी मोजत होती. तिला चार वर्षं झाली होती. प्रबंध लिहून झाला होता, शेवटचा प्रयोग तेवढा पुन्हा करायचा होता, आणि तोच असा उलटला होता.

"मेलेली पेशी ओळखायची कशी गं?"

"निळा रंग घालायचा, काका. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. मेलेलीचं दार उघडं असतं, ती निळी होते. सकाळी कंट्रोलमध्ये सगळं निळंच निळं. मी रडलेच." आता ती मूळपदावर आली होती, म्हणजे थांबेना. "ताईंनी केलं असं मला वाटत नाही हो. पण मग कुणी केलं? मी तर शनिवारी गावातच नव्हते. मॅडमना वाटतं ताई चिडल्या असतील, शोधनिबंधात त्यांचं नाव घातलं नाही म्हणून. पण ताई चिडल्या की जास्त स्वच्छता करतात, एवढंच."

"बरं, अर्क किती घालता बाटलीत?" मी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"वीस भागांत एक भाग."

"म्हणजे माणसाला द्यायचा झाला तर?"

ती हसली. "पन्नास किलोच्या माणसाला? तसा सरळ हिशोब नसतो काका, पण केलाच तर अडीच लिटर!"

अडीच लिटर! आणि माझ्या डब्यामागे बोटाएवढी कुपी.

"एवढा का घालता मग?"

"आधी एवढा नव्हता. पहिल्या वर्षी शंभरात एक घालायचो. तेव्हा थोड्याच मरायच्या. मग पन्नासात एक, मग विसात एक. वाढवला तशा जास्त मरत गेल्या. कंट्रोलमध्येही दर वेळी तेवढंच कोरं मिश्रण घालायचो. त्या कंट्रोलला कधी काही झालं नाही."

"आणि अर्क पाण्यातच का नाही कालवत?"

"विरघळतच नाही. अल्कोहोल लागतंच."

जाता जाता मी ताईंची कामाची वही चाळली. शनिवारचं पान सुवाच्य अक्षरात होतं. 'सकाळी ८.१०. कोरं मिश्रण नवीन बनवलं. ऑटोक्लेव्ह : केलं. कंट्रोल बाटल्यांत घातलं.'

मी ते पान तीनदा वाचलं. ऑटोक्लेव्हची रिंग शुक्रवारी चारपासून माझ्या पिशवीत होती. रिंगशिवाय तो पिंप म्हणजे नुसतं भांडं. त्यात वाफ धरतच नाही.

ताईंनी वहीत खोटं लिहिलं होतं.

४

मंगळवारी सकाळी ताई धुण्याच्या खोलीत बाटल्या घासत होत्या. मी दार लावून घेतलं आणि पिशवीतून चिरलेली रिंग काढून त्यांच्यासमोर धरली.

ताईंनी रिंग बघितली आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"पक्कडभाऊ, माझ्या हातूनच मेल्या हो त्या."

"कुपी ओतलीत?"

"कुपीला मी हातसुद्धा लावला नाही! मुलांची शपथ." त्या डोळे पुसायला लागल्या. "मिश्रण संपत आलं होतं. नवीन बनवलं. वाफेवर ठेवायला गेले तेव्हा आठवलं, रिंग तुम्ही नेलीय. प्रयोग तर शनिवारीच सुरू करायचा होता. मग मी मिश्रण बारीक गाळणीतून गाळून घेतलं. अर्क तसाच गाळतात, उष्णतेने बिघडेल म्हणून. पण मॅडमचा नियम आहे, पेशींना लागणारं दुसरं सगळं वाफेतूनच गेलं पाहिजे. भिंतीवर लावलाय त्यांनी. बावीस... नाही, चोवीस वर्षांत मी पहिल्यांदा नियम मोडला आणि वहीत खोटं लिहिलं. माझ्या न उकळलेल्या मिश्रणातून जंतू गेले आणि सगळ्या मेल्या."

"जंतू सापडले नाहीत ताई. पाणी स्वच्छ आहे."

"मग कशाने मेल्या?"

हे मला कुठे माहीत होतं! गुन्हेगार समोर होता, कबुली झाली होती, आणि गुन्हा काही केल्या जुळत नव्हता. स्वच्छ मिश्रण होतं. जंतू नव्हते. कुपी शुक्रवारपासून माझ्या घरी होती. तरी सहा बाटल्या गारद. डोक्याचा पार भुगा झाला. मी त्यांच्याशेजारी पालथ्या बादलीवर बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणालो, "तुम्ही एरवी कसं करता ते सांगा. पहिल्यापासून. मी मशीन असंच दुरुस्त करतो."

ताईंनी नाक पुसलं आणि सांगायला लागल्या. "बाटलीवर रेघ आहे. रेघेपर्यंत मिश्रण भरायचं. झाकण एक फेरा सैल ठेवायचं, नाहीतर वाफेने बाटली फुटते. ऑटोक्लेव्हमध्ये वीस मिनिटं. गार झालं की काढायचं. पातळी उतरलेली असते."

"किती उतरते?"

"बरीच. निम्म्यापर्यंत. मग मी वाफेतून काढलेलं शुद्ध पाणी घालते आणि पुन्हा रेघेपर्यंत आणते. माप कमी पडायला नको ना. तीन वर्षं असंच करते. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

मी बादलीवरून उठलो. इतका झटकन, की बादली घरंगळत गेली.

"ताई, जुन्या बाटलीत थोडं उरलंय का?"

"तळाशी आहे थोडं. टाकायला ठेवलंय."

"आणा. शनिवारची नवी बाटलीही आणा."

त्यांनी दोन्ही आणल्या. मी जुनीचं झाकण काढून वास घेतला. काहीच नाही. नवीचा घेतला. नाकात झिणझिण्या आल्या. ऑटोक्लेव्हची वाफ सोडताना मला कित्येकदा असाच वास आला होता. मी समजायचो रबर जळतंय, आणि मुकाट्याने रिंग बदलायचो. वर्षाला तीन रिंगा का फुगतात, हा प्रश्न एकदाही मला पडला नव्हता.

"पक्कडभाऊ, काय झालं?"

"ताई, तुम्ही त्या पेशी मारल्या नाहीत. तीन वर्षं तुम्ही त्यांना वाचवत होतात."

५

मॅडमच्या खोलीत तिघींना बसवून मी उभ्याने बोललो. मला बसवेना.

"पाण्याआधी काय उकळतं, मॅडम?"

"अल्कोहोल. हे काय विचारणं झालं?"

"अर्धं अल्कोहोल, अर्धं पाणी अशी बाटली, झाकण सैल, वाफेत वीस मिनिटं. बाहेर काय येईल?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मीच सांगितलं. "पाणी. अल्कोहोल झाकणातून उडून जायचं. माझ्या रिंगा त्यानेच फुगायच्या. थोडंसंच असायचं म्हणून कधी भडका उडाला नाही, हे आपलं नशीब. पातळी उतरली की ताई प्रामाणिकपणे वर पाणी भरायच्या. म्हणजे कंट्रोलच्या पेशींना तीन वर्षं नुसतं पाणी मिळालं. अर्क मात्र गाळलेला, न उकळलेला. त्यातलं अल्कोहोल शाबूत. तुम्ही अर्क शंभरात एकवरून विसात एकवर नेलात, तसं अल्कोहोलही वाढत गेलं. या शनिवारी रिंग माझ्याकडे होती. तीन वर्षांत पहिल्यांदा कंट्रोलमध्ये खरं कोरं मिश्रण गेलं. आणि सहाच्या सहा बाटल्या मेल्या."

चिमणीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे अर्क नव्हता मारत? अल्कोहोल..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "हा नुसता अंदाज आहे. गायब कुपीचं काय? ती ओतली नाही असं छातीठोक कशावरून सांगताय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नावाचून सुटका नाही हे मला सकाळपासून माहीत होतं. घरून निघतानाच पिशवीत टाकलेली कुपी मी काढून टेबलावर ठेवली.

"यावरून. शुक्रवारी मी चोरली. बायकोसाठी. कॅन्सर आहे तिला, रक्ताचा. परवा भरती करायचंय आणि ती नाही म्हणतेय. तिला हे हवंय."

मॅडमनी कुपी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली.

"दिलंत तिला?"

"नाही. किती द्यायचं ते कळलं नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटतं, तीन वर्षं वाया गेली याच्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं, की हे कुणाच्या तरी पोटात जाणार होतं.

"सिद्ध करायला पाहिजे," त्या हळू आवाजात चिमणीला म्हणाल्या. "आत्ताच लाव. चार बाटल्या."

चिमणीने मूळ बाटलीतल्या पेशी चार बाटल्यांत वाटल्या. पहिलीत जुनं उकळलेलं कोरं मिश्रण. दुसरीत शनिवारचं नवं. तिसरीत अर्क, नेहमीसारखा. चौथीसाठी तिने माझ्या कुपीतलाच अर्क घेतला, त्यातलं अल्कोहोल पूर्ण उडवलं आणि उरलेला तपकिरी साका टाचणीच्या टोकाएवढ्या अल्कोहोलात विरघळवून घातला. म्हणजे अळंबी पुरेपूर, अल्कोहोल नावाला. इनक्युबेटरचं दार बंद झालं तेव्हा मंगळवारचे बारा वाजले होते.

"उद्या दुपारी चारला बघू," मॅडम म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मी त्या रात्रभर मनात घोकत होतो की मी चुकलो असू दे. चौथ्या बाटलीतल्या पेशी मरू देत. माझा तर्क खोटा ठरून माझं नाक कापलं गेलं तरी चालेल.

६

बुधवारी चारला चिमणीने निळा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली. मॅडम मागे उभ्या. ताई दाराशी. मी भिंतीशी.

"पहिली. जुनं मिश्रण. जिवंत." ती मोजत होती. "दुसरी. नवं मिश्रण. निळ्या. बहुतेक सगळ्या निळ्या."

ताईंनी डोळे मिटून घेतले.

"तिसरी. अर्क. निळ्या."

चौथी तिने दोनदा मोजली. मी म्हणालो, "चौथी सांग ना गं."

"जिवंत आहेत, काका. सगळ्या. छान गोल, टवटवीत. वाढल्याही आहेत."

बाकी कुणाला शंका नको म्हणून मॅडमनी स्वतः बघितलं. मग मलाही बघायला लावलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण निळं काय आणि पांढरं काय हे कळतं. चौथ्या बाटलीत गोल गोल, स्वच्छ, चमकणाऱ्या पेशी होत्या. एकही निळी नव्हती. असलेच काहीतरी बायकोच्या रक्तात फिरत असणार असं मनात आलं आणि मी मागे सरकलो.

"या अळंबीत काहीच नाही असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या कुपीत नाही. निदान या पेशींसाठी तरी नाही." मग त्या ताईंकडे वळल्या. "नियम माझा होता, ताई. प्रत्येक गोष्ट वाफेतून, असं मीच लिहून लावलं. अल्कोहोल वगळून, एवढं लिहायचं मला सुचलं नाही. आणि मी संशय तुमच्यावर घेतला. मला माफ करा."

"मी वहीत खोटं लिहिलं," ताई म्हणाल्या.

"ते पान तुम्ही दुरुस्त करा. माझी तीन वर्षांची पानं मला दुरुस्त करायची आहेत."

चिमणी हुंदके देत होती. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, चुकलं ते तरी सापडलं ना? आता तेच लिही." चिमणी रडतारडता म्हणाली, "तेच लिहिणार आहे, पण आज नाही."

मी निघालो तशा मॅडम जिन्यापर्यंत आल्या. "कुपीबद्दल मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"उद्या मिसेसना नेताय ना?"

"तेच आता घरी जाऊन बोलायचंय."

घरी गेलो तर बायको खिडकीजवळ बसली होती. मला बघताच म्हणाली, "सापडला का खुनी?"

वाटेत मी चार वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि रिंगपासून चौथ्या बाटलीपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणजे ते औषध नाहीच," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"शुक्रवारी आणलंत तुम्ही. पाच दिवस मी त्याच्यावर होते. घेतलं नव्हतं, पण त्याच्यावरच होते."

"चुकलं माझं. आणायलाच नको होतं."

"आणि ते काही कामाचं नाही, हे पण तुम्हीच शोधून काढलंत."

"हो."

"गप्प बसला असतात तर? मला काय कळणार होतं?"

"तर तू उद्या गेली नसतीस. आणि मला ते कळत राहिलं असतं."

ती रडायला लागली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. आजार कळला त्या दिवशीही तिने मलाच चहा करून दिला होता, त्यामुळे मी समजत होतो की ती हट्टी आहे. ती हट्टी नव्हती.

"मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. "थोरलीची बॅग मीच भरली होती. ती मला म्हणाली होती, जास्त कपडे नको भरूस, आठ दिवसांत तर येणार आहे."

तिला काहीतरी धीराचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. डॉक्टर काय म्हणाले, औषधं आता किती सुधारलीत, सगळं तयार होतं. आणि तोंडातून निघालं, "मलापण वाटते. पाच आठवडे झाले, मला झोप नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी हे वाक्य तिच्यासमोर कधी बोललो नव्हतो.

"मग आधी का नाही सांगितलंत?" ती रागावून म्हणाली. "मला वाटत होतं मी एकटीच घाबरलेय!"

तिने चेहरा पुसला, उठली, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून जरा थांबली.

"किती वाजता बोलावलंय?"

"आठला."

"मग सहाला उठवा मला. घाबरत का होईना, दोघं जाऊ."

मी सहाचा गजर लावला. पण सकाळी मला तिनेच उठवलं. ती केव्हाची तयार होऊन बसली होती.